लॅटिनमध्ये ‘हो’ नाही

“कण्हायचंच असेल तर लॅटिनमध्ये कण्ह,” मी म्हटलं आणि वाइनमध्ये बुडवलेलं फडकं त्याच्या पायावर दाबलं.

“एहेउ!” मथियास किंचाळला. “एहेउ, एहेउ, एहेउ! झालं समाधान? व्याकरण बरोबर आहे ना?”

“उद्गाराला व्याकरण नसतं, गाढवा.”

“मग बरं आहे. माझ्या अंगठ्यालाही उरलेलं नाही. बघ बघ, कुठल्या विभक्तीत आहे तो.”

अंगठा खरोखरच भलत्या दिशेला वळला होता. मी तो ओढून सरळ केला, तेव्हा मथियासच्या तोंडातून पुन्हा लॅटिनच आलं. पाय चेचलेला, घामाने अंग थबथबलेलं, आणि तरी त्याची जीभ घसरली नाही. मला मनातून त्याचं कौतुक वाटलं आणि हायसंही वाटलं. दुसरं जास्त.

“हे माझं कणीक मळायचं टेबल आहे,” आमच्या घरमालकीण झानेत्ताबाई चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. “आज त्याच्यावर पाय, उद्या काय ठेवाल?”

“उद्या मी स्वतः चालत येऊन टेबल घासून देईन, बाई,” मथियास म्हणाला.

“आला मोठा चालणारा! झोप गपचूप.”

ही पंधराशे ब्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आता सत्तरीला टेकलोय. वैद्यकी अजून चालू आहे. माझ्याकडे रोगी खुर्चीत बसतो आणि मी येरझाऱ्या घालत त्याला तपासतो. म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी आहे, असं गावात म्हणतात. म्हणोत. मला कुणी समोर बसून उत्तर देऊ लागलं की बसवत नाही, एवढं खरं.

विद्यापीठ आल्प्सच्या दक्षिणेला होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही, माझा पुतण्या सध्या तिथे शिकतोय. त्या काळी परक्या मुलखातून आलेली पोरं तिथे ‘राष्ट्र’ करून राहायची. राष्ट्र म्हणजे राजा, फौज, किल्ले असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. एका भाषेची पंचवीस-तीस पोरं, त्यांचा एक म्होरक्या, व्याख्यानाच्या दालनात त्यांचा स्वतःचा एक बाक, नावं लिहायची एक वही आणि देवळाच्या तळघरात स्वतःची दफनाची जागा. झालं राष्ट्र. आमचं जर्मन राष्ट्र. अक्रोडाच्या लाकडाचा आमचा बाक होता, त्याच्यावर गरुड कोरलेला. सहा जणांना उचलेना.

तर त्या दिवशी सकाळी शरीररचनेच्या दालनात पुढे कुणाचा बाक असावा, यावरून आमची आणि बर्गंडीवाल्यांची जुंपली. आम्ही बाक इकडे ओढतोय, ते तिकडे ओढताहेत, दोन्हीकडून शिव्यांचा पाऊस, तोही लॅटिनमध्ये. मग बर्गंडीवाल्यांनी एकदम हात सोडले. बाक गरुडासकट मथियासच्या उजव्या पायावर आला. राष्ट्राची इभ्रत अशी एका माणसाच्या पावलावर पडली आणि आम्ही सगळे जिंकलो म्हणून ओरडलो. मीही ओरडलो.

आता आमची दोघांची भानगड सांगायला हवी.

वहीत मथियासचं नाव होतं मथियास फाबेर आणि माझं योहानेस सार्टोरियस. तिथे सगळेच आपली नावं लॅटिनमध्ये करून घ्यायचे. फाबेर म्हणजे लोहार, सार्टोरियस म्हणजे शिंपी. लॅटिनचा हा मोठाच फायदा. गाव, बाप, बोली सगळं धुऊन निघतं आणि कुणी विचारत नाही की मूळचा लोहार कुठल्या भाषेतला. वहीतल्या नियमाप्रमाणे जर्मन राष्ट्रात जन्माने जर्मनभाषक असलेल्यालाच जागा होती. मी जन्मलो यान क्राव्ट्स म्हणून, लुसाटियात, श्प्रे नदीच्या काठी. आमच्या मुलखात जमीनदार जर्मन, पाद्री जर्मन आणि बाकी सगळे आम्ही वेंड. आमची बोली वेगळी, ती जर्मनाच्या कानाला नुसती खरखर. वेंड लोकांचं राष्ट्र जगातल्या कुठल्याच विद्यापीठात नव्हतं. मी जर्मन शाळेत शिकलो होतो, कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मी सही केली आणि तीन वर्षं बिनघोर राहिलो.

मग मथियास आला.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तो अंगणात झानेत्ताबाईंच्या कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी वरच्या खिडकीत दाढी करत होतो. माणूस माणसाशी बोलताना सांभाळतो हो, कोंबडीशी बोलताना कशाला सांभाळेल? त्याने जीभ टाळ्याला लावून कोंबड्यांना अशी हाक मारली की माझा वस्तरा घसरला आणि गाल कापला. तशी हाक माझी आई मारायची. जर्मन माणसाच्या तोंडून ती येणं शक्यच नव्हतं.

मी ओळख दाखवली नाही. पण त्याने माझ्या जर्मन बोलण्यात काय ऐकलं देव जाणे. आठवड्याने आम्ही तटावर फिरायला गेलो होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं. तो चालता चालता थांबला आणि आमच्या बोलीत म्हणाला, “तू आपल्याकडचाच ना रे?”

“हाय,” मी म्हटलं.

हाय म्हणजे आमच्या बोलीत ‘हो’. तीन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडातून निघाला, आणि मला विचारून निघाला नाही. मी त्याची गचांडीच धरली.

“हे शेवटचं,” मी जर्मनमध्ये म्हटलं. “पुन्हा नाही. खोलीत नाही, तटावर नाही, कोंबड्यांपाशी तर नाहीच नाही. कास्परचं काय झालं ऐकलंस ना?”

कास्पर आमच्या राष्ट्रातलाच एक. तो बापाकडून जर्मन नाही असं गेल्या वर्षी उघडकीला आलं आणि वहीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. राष्ट्र गेलं म्हणजे सगळं गेलं. आम्ही ल्यूथरपंथी. राष्ट्राच्या छत्राखाली होतो म्हणून कॅथलिक शपथ न घेता परीक्षेला बसता यायचं. नावावर रेघ आली की शपथ घ्या, नाहीतर चालते व्हा. कास्पर चालता झाला, पाच वर्षं शिकून.

“ऐकलंय,” मथियास म्हणाला. “पण यान, एक सांग. घरी गेल्यावर काय करशील? आपल्याकडची म्हातारी येईल पोट धरून. कुठं दुखतं ते तिला लॅटिनमध्ये विचारशील?”

“घरी जाणारच कोण? मी बडा डॉक्टर होणार. न्यूरेंबर्गला नाहीतर प्रागला.”

“मी जाणार. लोहाराचा पोरगा डॉक्टर होऊन आला म्हणून अख्खं गाव बघायला येईल. त्या सगळ्यांना मी आपल्या बोलीत विचारणार, इथं दुखतं का, तिथं दुखतं का.”

“विचार. तोवर तोंड बंद. कबूल?”

“हाय.”

“मथियास!”

“बरं बाबा, व्होलो!” तो हसला. “काय भिकार भाषा आहे रे हे लॅटिन. साधा ‘हो’ नाही तिच्यात. ‘मला हवं आहे’ असं अख्खं म्हणावं लागतं.”

त्याने शब्द पाळला. दीड वर्ष आम्ही एका खोलीत राहिलो आणि एकदाही आमच्या बोलीतला शब्द काढला नाही. मी त्याच्यावर जीव लावला होता, हे आज सांगायला लाजत नाही. तेव्हा लाजायचो. त्याची मला धास्तीही वाटायची, तेही खरंच.

पाय दुखावला त्याच्या चौथ्या दिवशी जखमेला वास यायला लागला. सहाव्या दिवशी पोटरीवर लाल रेघ चढली. त्याला सडकून ताप भरला. माझी शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मी पुस्तक हातात घेऊन त्याच्या उशाशी बसायचो आणि पानं उलटायचो. डोक्यात काही शिरत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी शस्त्रवैद्य बोर्तोलोमास्तर आले. ठेंगणा माणूस, मनगटं खाटकासारखी, पण हात हलका. त्यांनी फडकं सोडलं. घोट्यापर्यंत सगळं काळं पडलं होतं. त्यांनी पोटरी दाबली, वास घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

“गुडघ्याखाली कापायचा,” ते म्हणाले. “आज दुपारच्या घंटेच्या आत. गुडघ्याच्या वर चढलं की माझ्या हातात काही नाही.”

“कापलं तर वाचेल?” मी विचारलं.

“दहातले सहा वाचतात. न कापता एकही वाचलेला मी बघितला नाही.”

त्यांनी करवत झानेत्ताबाईंकडे घासून आणायला दिली. दोन दणकट माणसंही बरोबर आणली होती धरायला. सगळी तयारी होती. फक्त कॉनराड यायचा होता.

कॉनराड फॉन आल्टेनरीड आमच्या राष्ट्राचा म्होरक्या. कायद्याचा विद्यार्थी, घरंदाज, सहा फूट उंच, दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा. माणूस वाईट नव्हता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. तो वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं. तो धापा टाकत जिना चढून आला. काखेत नियमांची वही होती.

“सतरावं कलम,” तो म्हणाला. “राष्ट्राच्या कुणाही सभासदावर चाकू चालवण्याआधी त्याने स्वतःच्या तोंडाने, दोन साक्षीदारांसमोर, होकार दिला पाहिजे.”

हे कलम आमच्या भल्यासाठीच होतं. काही वर्षांपूर्वी एका शस्त्रवैद्याने बव्हेरियाच्या एका पोराचा हात कापला होता, विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून. परक्या मुलखातली पोरं, मागेपुढे कुणी नाही, कुणीही कापावं. तेव्हापासून राष्ट्राने हे ठरवलं आणि त्याच्यावर शपथ घेतली.

“पोरगं तापात आहे,” मास्तर म्हणाले. “तो काय होकार देणार?”

“एक शब्द पुरे आहे. व्होलो म्हणू दे, नाहीतर जर्मनमध्ये ‘या’ म्हणू दे, म्हणजे हो. योहानेस आणि मी साक्षीदार.” कॉनराड पलंगाशी गुडघे टेकून बसला. त्याने मथियासच्या कपाळावरचे केस मागे सारले. “मथियास, ऐकतोयस का? तुझा पाय कापला तर तू जगशील. कापावा अशी तुझी इच्छा आहे?”

मथियासने डोळे उघडले. ओठ फुटले होते. अंग थंडी वाजल्यासारखं उडत होतं, मान सारखी दोन्हीकडे हलत होती.

“हाय,” तो म्हणाला.

मी पटकन दाराकडे पाहिलं.

“बिचाऱ्याला फार दुखतंय,” कॉनराड म्हणाला. त्याने ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसले आणि या वेळी जर्मनमध्ये विचारलं, अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. “मथियास, पाय कापू द्यायचा का?”

“हाय. हाय.”

“नुसता कण्हतोय,” कॉनराड म्हणाला.

मी उठलो. खोलीत पाणी होतं, तरी पाणी आणतो म्हणालो. अठ्ठावीस पायऱ्या उतरून विहिरीवर गेलो, घागर भरली, वर आलो. कॉनराड अजून विचारत होता. मी घागर ठेवली आणि खिडकी उघडली. मग लावली. त्या दिवशी मला कुणी दोन क्षण एका जागी पाहिलं नसेल. हललो की कुणी विचारणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं.

प्रश्न मथियासला कळत होता. कुठल्याही भाषेत विचारा, कळत होता. उत्तर मात्र एकाच भाषेत येत होतं. तापाने त्याचं लॅटिन नेलं, जर्मन नेलं, मला दिलेला शब्दही नेला. आईने शिकवलेलं तेवढं राहिलं.

आणि हे कुणाच्या लक्षात यावं? तर झानेत्ताबाईंच्या. त्या घासलेली करवत ताटात घेऊन दारात उभ्या होत्या.

“अहो, तो कण्हत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तुम्ही विचारलं की म्हणतो. नाही विचारलं की गप्प पडतो. मघापासून बघतेय मी. पोरगं उत्तर देतंय तुम्हाला.”

मास्तरांनी मान वळवली. “तुमच्याकडची कुठली गावठी बोली आहे का ही?”

“माझ्याकडची नाही,” कॉनराड म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. “योहानेस, तू त्याच्याबरोबर राहतोस. याला काही अर्थ आहे का?”

मथियासही माझ्याकडे बघत होता. तापाने डोळे लाल झाले होते, पण तो मलाच बघत होता, दुसऱ्या कुणाला नाही. त्याची मान क्षणभर स्थिर झाली.

माझ्या डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. परीक्षेला सहा दिवस आहेत, हे आलं. कास्परच्या नावावरची रेघ आली. अर्थ आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुला कसा ठाऊक, हे आलं. मथियासचा पाय सगळ्यांत शेवटी आला.

“नाही,” मी म्हटलं. “अर्थ काही नाही. कण्हतोय.”

मथियासने डोळे मिटले.

“मेल्यांनो, मग मान तरी बघा त्याची!” झानेत्ताबाई ओरडल्या.

“मान सकाळपासून हलतेय, बाई,” कॉनराड म्हणाला. त्याने वही छातीशी धरली. “मी शपथ घेतलीय. उद्या शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, माझा पाय कुणाला विचारून कापलात, तर काय सांगू? थांबू या. ताप उतरेल तासाभरात.”

“उतरायचा नाही,” मास्तर म्हणाले.

आम्ही थांबलो. कॉनराड दर थोड्या वेळाने विचारत होता. आता मथियास काहीच बोलत नव्हता. मी जिना उतरत होतो आणि चढत होतो, सरपण आणत होतो, नको असलेलं पाणी ओतून पुन्हा भरत होतो. दुपारची घंटा झाली. बोर्तोलोमास्तरांनी करवत पुसली, कापडात गुंडाळली आणि कुणाकडेही न बघता निघून गेले.

आणि मग, ते गेल्यावर, अर्ध्या जिन्यात माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अरे मूर्खा, खोटं बोलायला काय झालं होतं? सकाळी तो शुद्धीवर होता, मला व्होलो म्हणाला, मी ऐकलंय, एवढं म्हटलं असतं तरी कॉनराडने ऐकलं असतं. त्याला ऐकायचंच होतं. बोली सांगायची गरज नव्हती, माझं बिंग फुटणार नव्हतं. पण भीतीपुढे मला साधं खोटंही सुचलं नाही. जे खोटं सुचलं ते असलं!

मी तसाच धावत सुटलो. मास्तर दुकानात नव्हते. नदीपलीकडे कुणाचं तरी गळू फोडायला गेले होते. मी पूल ओलांडला, त्यांना हाताला धरून अक्षरशः ओढत आणलं. वाटेत मी ते व्होलोचं खोटं तीनदा सांगितलं. त्यांनी खोलीत येऊन मथियासची मांडी दाबली, वर, आणखी वर. मग माझ्याकडे पाहिलं.

“आता कुठून कापू, तूच सांग,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माध्यान्हीला मथियास गेला. पुन्हा काही बोलला नाही. मी त्याचा हात धरून बसलो होतो. आजूबाजूला पोरं होती, तेव्हा मी त्याच्याशी जर्मनमध्येच बोलत राहिलो.

राष्ट्राने त्याला थाटात पुरलं. तीस पोरं काळ्या डगल्यात, पुढे गरुडाचं निशाण. बर्गंडीवालेसुद्धा आले, खाली माना घालून. माझं लॅटिन चांगलं म्हणून दगडावरचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी लिहिला. मथियास फाबेर, वैद्यकाचा विद्यार्थी, राष्ट्राने जर्मन. एकही चूक नाही त्याच्यात. तो दगड अजून तिथे आहे, पुतण्या म्हणाला.

तळघरातून वर येताना कॉनराडने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “त्याला नकोच होतं,” तो म्हणाला. “हवं असतं तर एक शब्द म्हणाला असता. त्याची इच्छा आपण पाळली योहानेस, एवढं तरी केलं.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पायऱ्या चढत राहिलो.

परीक्षा मी उत्तम तऱ्हेने पास झालो.

न्यूरेंबर्गला जायचं पक्कं होतं. निघायच्या आधी कॉनराडने मथियासची पेटी माझ्यापुढे ठेवली. पुस्तकं, सदरे, एक वस्तरा. “नकाशा बघितला मी,” तो म्हणाला. “तुझं गाव त्याच्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. इतके जवळचे होता आणि कधी बोलला नाहीत.” तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तूच पोचव.” आणि वाकून दारातून निघून गेला. त्याला काय कळलं, किती कळलं, मला आजतागायत माहीत नाही.

वसंतात मी लुसाटियाला पोचलो. लोहाराचं घर रस्त्यालाच होतं. बाप भट्टीपाशी घण घालत होता. मी नाव सांगितलं, पेटी उतरवली, तरी त्याने घण थांबवला नाही. पत्र आधीच आलं होतं, पाद्र्याने वाचून दाखवलं होतं. आई आतून आली. बुटकी बाई, मथियाससारख्याच दाट भुवया. मी जर्मनमध्ये सुरुवात केली, मोठी सुंदर वाक्यं तयार करून आणली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला जर्मन येत नव्हतं.

मग मी आमच्या बोलीत बोललो. पायाचं सांगितलं, तापाचं सांगितलं, किती माणसं मातीला आली ते सांगितलं. ती ऐकत होती आणि पेटीवरून हात फिरवत होती.

“शेवटी काही बोलला का रे?” तिने विचारलं.

“हाय,” मी म्हटलं.

“काय बोलला?”

भट्टीपाशी घण चालूच होता. मी उभा होतो, मला दरवाजा दिसत होता, पायांना पळायचं होतं.

“हेच,” मी म्हटलं. “हाय म्हणाला.”

“आपल्या बोलीत?”

मी मान डोलावली. ती एकदम वळली आणि नवऱ्याला ओरडून म्हणाली, “अहो, ऐकलंत का? पोरगा शेवटी आपल्या बोलीत बोलला!”

घण थांबला. लोहाराने तोंड भिंतीकडे केलं.

“मला तेवढीच काळजी होती बघ,” ती मला म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला होता, आणि मला बसायला तिने स्टूल पुढे सरकवलं. “एवढ्या लांब, परक्या लोकांत. पोरगं काही म्हणेल आणि कुणाला कळायचंच नाही, असं वाटायचं मला. पण तू होतास. कळणारं होतं ना रे कुणीतरी जवळ?”

मी बसलो नाही.

“हाय,” मी म्हटलं.